शेळ्यांच्या खुरांची निगा व घरच्या घरी खुरसाळणी

पेरणीच्या अगोदर बैलाचे खूर पाहून घेण्याची व आवश्यक तर नालबंदाकडून नाल ठोकून घेण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. बैल लंगडला तर पेरणी लांबणीवर पडते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु त्याच दावणीच्या कडेला बांधलेल्या शेळीच्या खुरांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खूर वाढून पुढे वळलेली, गुडघे टेकून चरणारी शेळी धाराशिव जिल्ह्यातील अनेक गावी दृष्टीस पडते. 'ती तशीच चालते' असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. वास्तविक अशा शेळीचे दूध घटते, तिची करडे रोडावतात व शेवटी ती आठवडे बाजारात पडेल त्या भावाने विकावी लागते. हे सर्व नुकसान टाळण्यास वर्षातून चार-सहा वेळा अर्धा तास खर्च केला तरी पुरे होते. याकरिता फार मोठी साधने लागत नाहीत व विशेष शिक्षणही लागत नाही. हे काम कसे करावे याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

आपल्या जिल्ह्याची शेळी

धाराशिव जिल्ह्याचे पूर्वीचे नाव उस्मानाबाद. या जिल्ह्याच्या नावावरूनच 'उस्मानाबादी' ही शेळीची जात देशभर ओळखली जाते. सन १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर, तुळजापूर व उदगीर हे तालुके या जातीचे मूळ क्षेत्र मानले जातात. सन २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी शेळीचे नाव उस्मानाबादी हेच राहिले आहे. ही शेळी बहुधा काळ्या रंगाची असते. काहींच्या अंगावर किंवा कानांवर पांढरे ठिपके आढळतात. मांस व दूध या दोहोंसाठी ती पाळली जाते, व जुळी करडे देण्याबद्दल तिची ख्याती आहे.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, तसेच भूम व परंडा भागातील मुरमाड माळावर ही शेळी दिवसभर हिंडून चरते. दगड व मुरूम यांवर चालल्याने तिची खुरे आपोआप झिजतात. म्हणूनच पूर्वीच्या पिढीला खुरे साळण्याची फारशी गरज भासली नाही. आता मात्र परिस्थिती बदललेली आहे. चराईची जागा कमी झाली आणि पुष्कळ कुटुंबे दोन-चार शेळ्या गोठ्यातच बांधून चारा-पाला टाकून वाढवू लागली. गोठ्याची जमीन मऊ, अनेकदा ओलसर. चालणे जवळजवळ नाहीच. खूर वाढण्याचे काम मात्र थांबत नाही. बंदिस्त शेळीपालन करणाऱ्याने म्हणूनच, जे काम पूर्वी माळ करीत असे ते आता आपल्या हातांनी करावयाचे आहे.

खुराची रचना

हत्यार हाती घेण्यापूर्वी खुराची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. शेळीच्या प्रत्येक पायास दोन नख्या असतात, व पायाच्या मागील बाजूस थोड्या वर दोन लहान उपनख्या असतात. प्रत्येक मुख्य नखीचे बाहेरून तीन भाग दिसतात. पहिला भाग म्हणजे कडेची टणक भिंत. ही केसांच्या रेषेपासून सतत खाली वाढत असते. दुसरा भाग म्हणजे भिंतीच्या आतील किंचित मऊ तळवा. तिसरा भाग म्हणजे मागील बाजूची मऊ टाच.

भिंत व तळवा हे शिंगासारख्या मृत पदार्थाचे बनलेले असतात. मनुष्याचे नख कापताना जसे दुखत नाही, तसे हा भाग कापताना शेळीला दुखत नाही. परंतु त्याच्या आत जिवंत मांसल थर असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात, आणि त्याच्याही आत हाड असते. आपले नख खोल कापले गेले असता जी कळ येते, तीच कळ शेळीला येते. साळणीचे सारे कौशल्य मृत भाग कोठे संपतो व जिवंत भाग कोठे सुरू होतो हे ओळखण्यात आहे.

खूर कसे असावे याचा नमुना पाहावयाचा असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या करडाचे खूर पाहावे. ते डबीसारखे चौकोनी असते. तळवा सपाट असतो, आणि केसांची रेषा व तळव्याची रेषा जवळजवळ समांतर असतात. वाढलेल्या खुराला पुन्हा असा आकार द्यावयाचा असतो.

खुरे वाढल्याने काय होते?

भिंत वाढली की ती तळव्याखाली दुमडते. त्या घडीत शेण, मूत व चिखल साचून राहतो. हवा न लागल्याने तेथे जंतूंची वाढ होते, दुर्गंधी सुटते व खूर कुजू लागते. पुढचे टोक वाढले की शेळीचा भार टाचेवर जातो, पायाचे सांधे ताणले जातात व कालांतराने पाय वाकडे होतात.

शेळी हे पाला ओरबाडून खाणारे जनावर आहे. बोर, बाभूळ, सुबाभूळ यांच्या फांद्यांपर्यंत पोहोचण्यासाठी ती मागील पायांवर उभी राहते. पाय दुखत असल्यास ती उभी राहत नाही, आणि दावणीतील चाऱ्यासाठीही इतर शेळ्यांशी झगडत नाही. मिळेल तेवढ्यावर राहते. तिच्या दुधावर दोन करडे असतील तर त्यांची उपासमार होते. बोकडाच्या बाबतीत हानी अधिक मोठी आहे. माजावर आलेली शेळी भरविताना बोकडाचा सर्व भार मागील पायांवर येतो. त्याचे मागील खूर दुखत असेल तर तो शेळी भरवीत नाही, व कळपातील शेळ्या गाभण न राहता उलटत राहतात. अशा वेळी मालक शेळीला दोष देतो. खरे कारण बोकडाच्या खुरात असते.

ज्या घरात जमीन नाही वा अल्प आहे, तेथे दोन शेळ्या हीच घरची ठेव असते. मुलांच्या शाळेचा किंवा आजारपणाचा खर्च त्यांच्यावर भागतो. बहुधा ही ठेव घरातील स्त्रीच्या हाती असते. म्हणून हे काम भगिनींनी आवर्जून शिकून घ्यावे.

साळणी केव्हा करावी?

बांधून ठेवलेल्या शेळ्यांची खुरे दर महिन्याला उचलून पाहावी व साधारण दोन ते तीन महिन्यांनी साळावी. माळावर चरणाऱ्या शेळ्यांना वर्षातून दोन वेळा साळणी बहुधा पुरते. एक वेळ मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी, म्हणजे चिखल साचण्यास दुमडलेली भिंत शिल्लक राहत नाही. व दुसरी वेळ पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास.

उन्हाळ्यात खूर लाकडासारखे कठीण होते व कापताना हत्यार निसटण्याची भीती असते. अशा वेळी शेळीचे पाय काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत किंवा ओले गोणपाट पायांभोवती गुंडाळावे. पावसाळ्यात खूर मऊ असल्याने काम सोपे जाते.

शेळीचा गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो. त्यातील शेवटच्या महिन्यात शेळीला धरपकड सोसत नाही. म्हणून साळणी त्यापूर्वी उरकावी अथवा विल्यानंतर करावी. करडे दोन-तीन महिन्यांची झाली की त्यांचे पाय उचलून हाताळण्याची सवय लावावी. पुढे मोठेपणी ती दांडगाई करीत नाहीत.

साहित्य

१. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत वापरतात तशी छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर. ती धारदार व गंजरहित असावी.
२. टोकास किंचित वाकलेला लहान चाकू, अथवा चामडे साळण्याची रापी.
३. सुताराची कानस.
४. खुरातील घाण काढण्यास बोथट काडी व ताठ केसांचा ब्रश.
५. स्वच्छ पाणी, स्वच्छ फडके, टिंचर आयोडीन व तुरटीची पूड.

बोथट हत्याराने जोर अधिक लावावा लागतो व जखम होते ती बहुधा त्यामुळेच. हत्यारास आधी धार लावून घ्यावी. एका शेळीचे काम झाले की दुसरीस हात लावण्यापूर्वी हत्यार धुऊन जंतुनाशकात बुडवावे. नाही तर एकीचा रोग आपणच दुसरीला लावतो. लंगडी शेळी सर्वांत शेवटी घ्यावी.

शेळी धरण्याची रीत

शेळीला भिंतीलगत आखूड दोरीने बांधावे व पुढे थोडा पाला टाकावा. एकाने तिचे डोके व मान धरून तिच्याशी बोलत राहावे. दुसऱ्याने तिच्या शेपटाकडे तोंड करून बाजूस उभे राहावे, खांद्यापासून हात खाली सरकवीत पाय धरावा व गुडघ्यात मागे मुडपून उचलावा. मागील पाय उचलताना तो सरळ मागे घ्यावा. बाजूस ओढू नये, कारण त्याने सांध्यास इजा होते. मेंढीला बसवून, पाठीवर टेकवून खुरे साळतात. शेळी तसे सोसत नाही व भेदरते. म्हणून शेळीची साळणी उभ्यानेच करावी. तिने पाय झाडल्यास हत्यार ताबडतोब दूर घ्यावे, परंतु पाय सोडू नये. शांत झाल्यावर पुन्हा कामास लागावे.

साळणीची कृती

*पहिली पायरी.* काडीने व ब्रशने दोन्ही नख्या व त्यांच्या मधली बेचकी स्वच्छ करावी. बेचकीत अडकलेला खडा किंवा बाभळीचा काटा काढावा. पुष्कळदा लंगडण्याचे कारण येथेच सापडते.

*दुसरी पायरी.* नखीचे पुढे वाढलेले टोक कात्रीने थोडे थोडे कापावे.

*तिसरी पायरी.* तळव्याखाली दुमडलेली कडेची भिंत टाचेकडून टोकाकडे कापत न्यावी व तळव्याच्या पातळीस आणावी. बहुतेक शेळ्यांच्या बाबतीत एवढ्यानेच काम भागते.

*चौथी पायरी.* तळवा उंचसखल असल्यास चाकूने कागदासारखे पातळ पापुद्रे काढावेत. प्रत्येक पापुद्र्यानंतर थांबून पाहावे. पांढरा तळवा गुलाबी दिसू लागला की तेथेच थांबावे. त्यापुढे जिवंत भाग आहे.

उस्मानाबादी शेळीच्या बाबतीत येथे विशेष सावधगिरी बाळगली पाहिजे. काळ्या शेळीचे खूरही बहुधा गडद रंगाचे असते व त्यात गुलाबी छटा स्पष्ट दिसत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबून न राहता अंगठ्याने तळवा दाबून पाहावा. तो अंगठ्याखाली किंचित दबू लागला किंवा शेळीने पाय आखडला, तर कापणे थांबवावे.

*पाचवी पायरी.* टाच वाढली असल्यासच अगदी थोडी सपाट करावी. टाच मऊ असते, तेथून रक्त लवकर येते.

*सहावी पायरी.* कानशीने कडा गुळगुळीत कराव्या व दोन्ही नख्या सारख्या उंचीच्या झाल्या आहेत याची खात्री करावी. नंतर शेळीला सपाट जागी उभी करून बाजूने पाहावे. केसांची रेषा व तळवा समांतर दिसले म्हणजे काम नीट झाले.

ज्या शेळीची खुरे वर्षानुवर्षे वाढून चपलेसारखी वळली आहेत, तिचे खूर एकाच दिवशी पूर्ववत करण्याचा हट्ट धरू नये. खुराबरोबर आतील जिवंत भागही पुढे सरकलेला असतो. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे साळत जावे.

रक्त आल्यास

काळजी घेऊनही कधी रक्त येते. घाबरून न जाता स्वच्छ फडक्याने जागा काही मिनिटे दाबून धरावी. मग तुरटीची पूड दाबावी. रक्त थांबल्यावर टिंचर आयोडीन लावावे. शेळीला एक-दोन दिवस कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावे. राख, माती, शेण किंवा यंत्राचे जळके तेल जखमेवर लावू नये. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, आणि शेळीला धनुर्वात होऊ शकतो. जखम खोल असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवून धनुर्वातप्रतिबंधक उपचाराबद्दल विचारावे.

प्रत्येक लंगडणे खुरवाढीचे नसते

लंगडणारी शेळी दिसली की लगेच कात्री घेऊ नये. आधी कारण शोधावे.

*खूर कुजणे.* नख्यांच्या बेचकीत लाली, ओल व उग्र दुर्गंधी असते, आणि तळवा भिंतीपासून सुटू लागतो. हा रोग जंतूंमुळे होतो व ओल्या गोठ्यात एकीपासून दुसरीस लागतो. पूर्वी अशा खुराचा सडका भाग खोलवर कापून काढण्याचा सल्ला देत असत. परंतु मेंढ्यांवर झालेल्या अलीकडील अभ्यासातून असे दिसून आले आहे की, रोगट खूर साळल्याने ते बरे होण्यास उलट अधिक दिवस लागतात. प्रतिजैविकाच्या उपचाराने मात्र जनावर लवकर बरे होते. तेव्हा अशी शेळी वेगळी बांधून पशुवैद्यकांचा उपचार घ्यावा. साळणी पाय बरा झाल्यावर करावी.

*लाळ्या-खुरकूत.* एकाच वेळी अनेक जनावरे लंगडू लागली, ताप आला, तोंडात वा बेचकीत फोड दिसले, तर हा रोग असण्याचा संभव आहे. शेळ्यांत तोंडाची लक्षणे सौम्य असतात, म्हणून तो नजरेतून निसटतो. अशी जनावरे बाजारात नेऊ नयेत. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाकरिता सन २००९ मध्ये केलेल्या अधिनियमानुसार, अशा रोगाचा संशय येताच मालकाने ग्रामपंचायतीस कळविणे व तेथून ती खबर जवळच्या पशुवैद्यकांकडे जाणे आवश्यक आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

*सांधा सुजणे, हाड मोडणे.* खूर स्वच्छ व थंड असून सांधा गरम किंवा सुजलेला असल्यास दोष खुरात नाही असे समजावे.

औषधी पाण्यात पाय बुडविणे

पावसाळ्यात खूर कुजण्यास आळा घालण्याकरिता झिंक सल्फेटचे १० टक्के द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो, करून त्यात शेळ्यांना १० ते १५ मिनिटे उभे करावे. पाणी खुरे बुडतील इतके असावे. पाय आधी साध्या पाण्याने धुवावेत. शेणाने बरबटलेल्या पायांना औषधाचा गुण येत नाही. नंतर शेळ्या कोरड्या जागी उभ्या कराव्या. मोरचुदाचे ५ टक्के द्रावणही, म्हणजे १० लिटरला अर्धा किलो, वापरता येते. परंतु मोरचूद पोटात गेल्यास विषारी ठरते. मेंढ्यांना तर फारच. म्हणून शेळ्यांना आधी पोटभर पाणी पाजावे, द्रावण पिऊ देऊ नये, व उरलेले ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्याच्यासाठी लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे न वापरता प्लास्टिकचे घमेले घ्यावे.

गोठ्याची रचना

गोठ्यातील जागा उंच, उताराची व कोरडी असावी. मूत वाहून जाण्यास नाली असावी. गोठ्याच्या आवारात खडबडीत दगडांचा दोन-तीन पायऱ्यांचा चौथरा रचावा. शेळीला उंचावर चढून बसण्याची मूळचीच हौस असते. त्या चढउतारात खुरे थोडीफार झिजतात व आपले काम हलके होते. दगड गावात फुकट मिळतो. खर्च केवळ श्रमाचा आहे.

मांजराच्या नखांविषयी थोडेसे

घरोघरी धान्याच्या राखणीस मांजर असते व तिची नखे कापावीत काय, असे काही जण विचारतात. नख व खूर हे एकाच जातीच्या पदार्थाचे असतात, त्यामुळे नियमही तोच: टोक मृत, मूळ जिवंत. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायास पाच व मागच्यास चार नखे असतात. जी मांजर उंदीर धरते व कुत्र्यापासून बचावासाठी झाडावर चढते, तिची नखे कापू नयेत. ती तिची हत्यारे आहेत व खांबावर ओरबाडून ती स्वतःच त्यांची निगा राखते. म्हाताऱ्या मांजरीचे नख वळून तळव्याच्या गादीत रुतू लागल्यास मात्र ते कापावे. पंजा हळूच दाबला की नख बाहेर येते. उजेडात धरून आतील गुलाबी भाग पाहावा व त्याच्या पुढचे केवळ टोक कापावे. नख समूळ काढून टाकण्याचा विचारही करू नये. त्यात बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हे काम वाचून येत नाही, पाहून व करून येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी मृगापूर्वी एक दिवस निश्चित करावा, पशुवैद्यकांना आमंत्रण द्यावे आणि एखाद्या शेळीपालकाच्या अंगणात प्रात्यक्षिक घ्यावे. एक शेळी शिक्षकाने साळून दाखवावी, दुसरी शिकणाऱ्याने त्यांच्या देखरेखीखाली साळावी. शेजारी एक लहान करडू बांधून ठेवावे, म्हणजे चांगल्या खुराचा नमुना सर्वांच्या डोळ्यांसमोर राहील. एक कात्री, एक चाकू व एक कानस असा संच बचत गटाने सामाईक घेतल्यास खर्च अल्प येतो. मात्र तो घरोघर फिरताना प्रत्येक वेळी धुऊन निर्जंतुक करण्याची जबाबदारी एकीवर सोपवावी.

उजळणीसाठी प्रश्न

१. बांधलेल्या शेळीची खुरे माळावरील शेळीपेक्षा लवकर का वाढलेली दिसतात?
२. काळ्या खुराच्या बाबतीत कापणे कोठे थांबवावे हे कसे ओळखाल?
३. कुजलेले खूर लगेच का साळू नये?
४. मोरचुदाचे द्रावण वापरताना कोणती दक्षता घ्याल?
५. एकाच दिवशी गावातील अनेक जनावरे लंगडू लागल्यास प्रथम काय कराल?

आज सायंकाळी शेळ्या गोठ्यात आल्यावर प्रत्येकीचा एक एक पाय उचलून पाहावा. साळणी नंतर, सवडीने करता येईल. परंतु पाहण्यास आजपासूनच आरंभ करावा. जी शेळी चार पायांवर नीट उभी राहते, ती घरच्या संसारालाही आधार देते.